बिनमालकीचं तेल

"कॅन खाली ठेवा आदी, मग बोला," दैवशाला म्हणाली.

ओढ्याच्या काठावरची माणसं हलली नाहीत. हायवेवरून घसरलेला डिझेलचा टँकर खाली शाळूच्या रानात आडवा पडला होता. ड्रायव्हरचा हात मोडला होता, त्याला दवाखान्यात नेलं होतं. जिवावरचं हातावर निभावलं म्हणायचं. पण टँकरच्या फुटलेल्या पोटातून डिझेल ओढ्याकडे वाहत होतं आणि अणदूरच्या पुढची ती सगळी वस्ती हाताला लागेल ते भांडं घेऊन खाली उतरली होती. कॅन होते, घागरी होत्या, एकाने तर फवारणीचा पंपच पाठीला अडकवून आणला होता.

"तू कोण सांगणारी?" पंपवाल्याने विचारलं.

"साफ करायला आलेली हाय म्या. तुमी हितं पेटलात तर तुमालाबी मलाच गोळा करावं लागंल. त्ये काम मला आवडत न्हाय." तिने गर्दीकडे नजर फिरवली. "त्यो मागं बिडीवाला कोण हाय? बिडी हितं विझवू नगो बाबा. तशीच घिऊन वर जा. सावकाश."

सगळ्यांच्या माना बिडीवाल्याकडे वळल्या. तो ओशाळून चढ चढू लागला. त्याच्या मागून आधी बायका निघाल्या, मग पोरं, आणि शेवटी पंपवालासुद्धा.

बालाजीने तेल ओढून घेणारा सक्शनचा टँकर मागे घेत ओढ्याच्या कडेला लावला. तो तिचा नवरा, आणि कामावर तिच्या हाताखालचा. घरी काय असेल ते असो, पाईप कुठे टाकायचा हे दैवशाला ठरवायची आणि बालाजीला त्यात कमीपणा वाटत नसे. "डोकं तिचं चालतं, गाडी माझी चालते," असं तो चारचौघांत सांगायचा.

दैवशाला मूळची ईटची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्नानंतर तुळजापूरला आली तेव्हा गौरीशंकर अप्पांच्या कंपनीत झाडलोटीला लागली. अप्पांच्या शेडवर हिरव्या पानाचं चित्र असलेली पाटी होती आणि तिच्यावर 'पर्यावरण सेवा' असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात काम एकच: पेट्रोलपंपांच्या जमिनीखालच्या टाक्या धुणं, त्यांचा गाळ उचलणं, आणि रस्त्यावर कुठे तेल सांडलं की धावत जाणं. झाडलोट करणारी दैवशाला हळूहळू टाकीच्या तोंडाशी उभी राहू लागली, मग पाईप धरू लागली, आणि आता सगळ्या टोळीची मुकादम होती. साडीवर नारिंगी जाकीट, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्यावर हेल्मेट. पहिल्यांदा बघणारा हसायचा. दुसऱ्यांदा कुणी हसत नसे.

ओढ्यातलं डिझेल संध्याकाळपर्यंत अडवलं. पण तोवर बरंच जमिनीत मुरलं होतं आणि खालच्या अंगाला असलेल्या द्वारकाबाईंच्या विहिरीत उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी विहिरीवर गेली तेव्हा पाण्यावर मोरपिशी तवंग होता. काठावर सत्तरीच्या द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या मोठ्या शेतीचा सगळा कारभार त्यांच्याच हातात होता.

"कुणाची माणसं तुमी?"

"साफसफाईच्या कंपनीची हाव, बाई."

"तुमाला पैका कोण देतं?"

"तेलवाली कंपनी."

"म्हंजी ज्येनं घाण केली, त्येचीच माणसं."

"व्हय," दैवशाला म्हणाली. "त्येंचंच खातो आमी. पर काम हिरीचं करतो. इस्वास नसंल तर हितं बसून बगा."

द्वारकाबाईंनी गड्याकडून बाज आणवली, चिंचेखाली टाकली आणि खरोखरच बसल्या. रोज बसायच्या. टोळीने पाण्यावरचं तेल ओढून घेतलं, मग पांढरे लोड सोडले. हे लोड तेल पितात आणि पाणी सोडून देतात. डिझेल प्यालेली माती उकरून रानाच्या कडेला तिचे वाफे घातले. त्या मातीत साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, शेण, आणि पिंपातून आणलेलं जिवाणूंचं पाणी मिसळलं. अप्पा त्याला इंग्रजीत कल्चर म्हणत. दैवशाला विरजण म्हणायची.

"ह्ये काय करतं?" द्वारकाबाईंनी एकदा बाजेवरूनच विचारलं.

"तेल खातं."

"आन् तेल सरलं की?"

"मरतं, बाई. खायला दुसरं काय न्हाय त्येला."

द्वारकाबाईंनी वाफ्याकडे बघितलं. "तुमच्यावानीच की," त्या म्हणाल्या. दैवशाला हसली, पण ते बोलणं तिच्या डोक्यातून गेलं नाही.

दुपारच्या चहाला टोळी हायवेवर हरणाबाईच्या हॉटेलात जायची. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि कोपऱ्यात पाण्याचे निळे जार. हरणाबाई वयाने द्वारकाबाईंच्याच बरोबरीची, पण तिच्याकडे शेत नव्हतं. तिचं सगळं आयुष्य ह्या चुलीपुढे गेलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने दैवशालाला हाताला धरून हॉटेलामागे नेलं. तिथे एक आड होता. तोंडावर फरश्या टाकलेल्या, काठ डांबरासारखा काळा.

"ह्येच्या पाण्याचा च्या प्यायला हैदराबादचे ड्रायव्हर थांबायचे," ती म्हणाली. "च्या ऱ्हायला, नुसतं पाणी मागायचे. असं गोड पाणी. तेंच्या गाड्या थांबायल्या म्हणून मग ही ग्यारेजं आली. ग्यारेजांनी जळकं ऑइल गटारीत सोडलं, आन् गटारीतनं त्ये ह्येच्यात उतरलं. आता म्या च्याला पाणी इकत घेते. पोरी, तिकडं बाईंची हीर धुताव, तर ह्येबी बगा की. तेलच हाय ह्येच्यातबी."

दैवशालाने फरशीच्या फटीला नाक लावलं. जुना, आंबट, जड वास. "इचारते मालकाला," ती म्हणाली.

गौरीशंकर अप्पांनी ऐकून घेतलं. ते पूर्वी पंपांवर यंत्रं बसवायचे, आता पोटावर शर्ट ताणला गेलेला भला माणूस. त्यांनी तिला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"आपला हवा मारायचा ब्लोअर कशावर चालतो?" त्यांनी विचारलं.

"डिझेलवर."

"टँकर?"

"डिझेलवर."

"आणि ते पांढरे लोड प्लॅस्टिकचे, म्हणजे तेलाचेच. तुझे बूट तेलाचे. ही खुर्चीसुद्धा. पगार तेल कंपनीकडून येतो. आपण तेलाची घाण काढतो खरं, पण आपल्यातून तेल काढून घेतलं तर मागं पाटीवरचं पान राहतं." अप्पांनी चष्मा काढून पुसला. "गावाच्या गटारी साफ करायला मी कितीदा विचारलं असेल. कुणाकडं तरतूद नाही. तेलवाल्यांकडं आहे, कारण त्यांचा टँकर पडला की त्यांना धरता येतं. आडातल्या ऑइलला कुणाला धरणार? ते बिनमालकीचं तेल आहे, दैवशाला. मालक नाही त्याला साफ करणारा पण नाही."

"मालक न्हाय कसा? समोर चार ग्यारेजं हायत."

"ते कबूल करतील?"

"न करूंत. डिझेल घालतील का, एवढंच इचारते. अप्पा, ऐतवारी टँकर हुबाच असतो. त्यो द्या. पिंपाच्या तळाला उरलेलं विरजण आपुन फेकतो, त्ये द्या. बाकीचं म्या बगते."

अप्पांनी चष्मा पुन्हा चढवला. तेल कंपनीचं काम चालू असताना तोच टँकर शेजारी दुसऱ्याच विहिरीवर दिसला, तर कंपनी काय समजेल, हे त्यांना आणि तिलाही माहीत होतं. पुढच्या वर्षीची सगळ्या पंपांची कामं त्यावर अवलंबून होती.

"आपल्या डिझेलचा थेंब जाळायचा नाही," शेवटी ते म्हणाले. "आणि माणूस आत उतरवायचा नाही."

"त्ये मला सांगावं लागत न्हाय," ती म्हणाली.

चार गॅरेजांतलं सगळ्यात जुनं बजरंगचं. दैवशाला गेली तेव्हा तो ट्रकखाली आडवा होता. तिने खाली वाकून विचारलं, "बजरंगभाऊ, तुमच्या घरला पाणी कुठनं येतं?"

"टँकरनं. का?"

"आन् ल्हानपनी?"

बजरंग ट्रकखालून बाहेर आला. चिंधीने हात पुसले. ते पुसून निघण्यासारखे नव्हते. "आडातनं," तो म्हणाला. "आक्का, माझ्या बापाच्या वक्तापासनं आसंच चालत आलंय. ऑइल उतरवलं की गटारीत. ठिवायचं कुठं?"

"पिंपात. जळकं ऑइल न्यायला गाडी येती, म्या धाडून देते. पर आदी आडातलं काढू. टँकर माझा, माणसं माझी. डिझेल तुमचं."

त्याने नाही म्हटलं नाही. हो म्हणायलाही त्याला दोन दिवस लागले. मग तो स्वतःच द्वारकाबाईंच्या विहिरीवर आला. चारही गॅरेजांत बोलणं झालं होतं.

रविवारी सकाळी बजरंगच्या इंजिनं उचलायच्या चेनपुलीने फरश्या उचलल्या. आडाने श्वास सोडल्यासारखा वास बाहेर आला आणि बघायला जमलेली वस्ती दोन पावलं मागे सरली. बालाजीने पाईप सोडला. पाईपमधून आधी काळं, मग तपकिरी, मग पुन्हा काळं येऊ लागलं. हरणाबाईने हॉटेल बंद ठेवून सगळ्यांना भाकरी आणि झुणका केला होता. जेवणाच्या आधीच तेल कंपनीचे एक तरुण अधिकारी द्वारकाबाईंच्या विहिरीची पाहणी करायला आले आणि त्यांना हायवेवरूनच टँकर दिसला.

"हा आमच्या कामाचा टँकर इथं काय करतोय?"

"आज सुट्टी हाय, साहेब," दैवशाला म्हणाली. "डिझेल ह्या ग्यारेजवाल्यांनी घातलंय. आमी आमच्या मर्जीनं आलाव. तुमचा एक लोड हितं वापरला असंल तर उद्या मला कामावरनं काढा."

अधिकाऱ्यांनी आडाभोवती चक्कर मारली. टँकरमध्ये बघितलं, पिंपं बघितली. खरं तर त्यांना वरिष्ठांना कळवायला हवं होतं. ते आत वाकून बघत राहिले. "हे आमच्या डिझेलपेक्षा वाईट आहे," ते हळूच म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. सोमवारी अप्पांना फोन येईल म्हणून दैवशाला धास्तावली होती. फोन आला नाही.

दुपारनंतर पाईप अडकला. तळाशी काहीतरी होतं, त्यात त्याचं तोंड रुतलं होतं. बालाजीने ओढून बघितलं, पाच-सहा जणांनी ओढून बघितलं. बजरंगने शर्ट काढला.

"म्या उतरतो. घाण माझीच हाय."

विषारी गॅस असला की वाजणारं मीटर दैवशालाने दोरीला बांधून आत सोडलं होतं. ते वाजत होतं. सकाळपासून ब्लोअर आत हवा सोडत होता, तरी ते वाजत होतं.

"न्हाय," ती म्हणाली.

"आक्का, दोन मिन्टाचं काम हाय. श्वास धरतो."

"रामकिसननंबी श्वासच धरला हुता."

"कोण रामकिसन?"

टोळीतल्या जुन्या माणसांनी खाली बघितलं. दैवशाला आडाच्या काठावर बसली, दोन्ही बूट आतल्या बाजूला सोडून, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय कुणी उतरू शकलं नसतं.

"माझ्यासंगं टाक्या धुयाचा," ती म्हणाली. "एका पंपावर दुसऱ्या ठेकेदाराकडं गेला. म्याबी गेलते, वर बादल्या धरायला. टाकीत बुडाला हातभर गाळ. तोंडाला रुमाल बांधून उतरला. गाणं म्हणत हुता. मग गाणं थांबलं. मला वाटलं, श्वास धरला आसंल. त्येला काढायला दुसरा उतरला, त्यो कसाबसा वर आला. रामकिसन आला न्हाय." तिने मीटरची दोरी हाताभोवती गुंडाळली. "वासाचं काय नसतं, भाऊ. वास कळंपर्यंत माणूस माणसात ऱ्हात न्हाय. म्या हितनं उठणार न्हाय. तुमी शर्ट घाला."

बजरंगने शर्ट घातला. पण वस्तीचा हिरमोड झाला. एवढं काढून ऐनवेळी थांबायचं काय कारण, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. इतक्या वर्षांत कुणी मेलं नाही, असंही म्हणालं. हरणाबाईने उरलेला झुणका पातेल्यातच झाकून ठेवला. दैवशालाने पाईप कापायला लावला, तुटका तुकडा आतच सोडला, फरश्या पुन्हा टाकायला लावल्या आणि टोळी घेऊन निघाली. परतताना बालाजी म्हणाला, "पाईपचं अप्पाला म्या सांगतो." ती म्हणाली, "म्याच सांगंन." मग कितीतरी वेळ त्याने एका हाताने गाडी चालवली. दुसरा हात तिच्या हातावर होता.

ही हकिकत द्वारकाबाईंच्या बाजेपर्यंत पोचली. पुढच्या रविवारी त्या स्वतः हायवेवर आल्या. त्यांच्यामागे गड्याच्या खांद्यावर पोतं होतं. पोत्यातून त्याने लोखंडी गळ काढला, चारी बाजूंनी आकडे असलेला, मुठीएवढ्या जाडीचा.

"माझ्या सासऱ्यानं घडवून घेतलेला हाय," त्या म्हणाल्या. "बादल्या काढल्यात, मोटारी काढल्यात. एकदा पाडीबी काढली, जित्ती. माणूस उतरवायची गरज काय?"

"आमच्याकडं असला न्हाय, बाई," दैवशाला म्हणाली.

"म्हणून तर आणला."

गळ चेनपुलीला बांधला. पहिल्या दोन खेपा रिकाम्या आल्या. तिसऱ्या खेपेला पुली कुरकुरली आणि ट्रकचा टायर वर आला, त्याच्या पोटात पाईपचा तुकडा. मग दुसरा टायर, ट्यूबा, फिल्टरचे डबे, एक सायलेन्सर. बजरंग एकेक वस्तू ओळखत होता आणि बाजूला नेऊन ठेवत होता. द्वारकाबाई हरणाबाईच्या बाकड्यावर बसल्या. दोघी एवढी वर्षं एका शिवारात राहिल्या होत्या, पण बाईंनी त्या हॉटेलात चहा घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी घेतला, आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलंही.

पुढचे रविवार असेच गेले. काळं संपल्यावर दैवशालाने विरजण सोडलं. त्या जिवाणूंना हवा लागते. बजरंगने टायरमध्ये हवा भरायचा आपला कॉम्प्रेसर आडापर्यंत ओढून आणला आणि नळी तळाशी सोडली. दिवसभर आडातून बुडबुड्यांचा आवाज यायचा. गॅरेजांसमोर चार पिंपं उभी राहिली. एकजण मध्येच पुन्हा गटारीत ऑइल सोडताना सापडला, तेव्हा दैवशालापर्यंत गोष्ट आलीच नाही. हरणाबाईने त्याचा चहा बंद केला. तो पिंपात ऑइल भरायला लागला तसा पुन्हा चालू केला.

उन्हाळा लागला. द्वारकाबाईंची विहीर तपासणीत पार झाली, तेल कंपनीने काम संपल्याचं कळवलं, वाफ्यातली माती परत रानात पसरली गेली. आडाच्या पाण्याचे नमुने अप्पांनी स्वतःहून तपासायला पाठवले होते. निकाल आला त्या दिवशी दैवशाला तो सांगायला मुद्दाम वाट वाकडी करून आली. बालाजी टँकर रस्त्याला लावून आतच थांबला.

हरणाबाई आडाच्या काठावर होती. दोरीने बादली वर घेत होती. पाणी नितळ दिसत होतं. तिने ओंजळीत घेऊन वास घेतला.

"मावशी," दैवशाला म्हणाली, "भांडी घासायला चालंल. धुण्याला, झाडाला चालंल. प्यायला न्हाय."

"आज न्हाय, की..."

"लई खोल मुरलंय. दरसाल सुदारंल, पर सावकाश."

"माझ्या हयातीत?"

"न्हाय, मावशी."

हरणाबाईने मान हलवली. ओंजळीतलं पाणी तिने सांडलं नाही. त्याच पाण्याने आपलं तोंड धुतलं, पदराने पुसलं. "गोड हुतं लई," ती म्हणाली. "तुला दाखवायचं हुतं."

त्याच वेळी दैवशालाचा फोन वाजला. अप्पा होते. तेरखेड्याच्या पुढे हायवेला टँकर उलटला होता, ताबडतोब निघायचं होतं. गेले पंधरा दिवस टोळीला काम नव्हतं. दोघांना अप्पांनी घरी बसवलं होतं. बातमी ऐकताच दैवशालाला बरं वाटलं. आतून, चटकन, भूक लागलेल्याला ताट दिसावं तसं. मग त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली, आणि मग तिने विचारलं, "ड्रायव्हर?"

"बरा आहे. उडी टाकली त्यानं."

"निगालाव," ती म्हणाली.

तिने जाकीट चढवलं. हरणाबाईने सगळं ऐकलं होतं.

"पुना कवा यीशील? हिकडं टँकर पडला की?"

"न्हाय, मावशी. तेल न सांडता यीन. पावसाळा सरला की पाणी बगायला यीन."

बालाजीने इंजिन सुरू केलं. दैवशाला वर चढली, दार ओढून घेतलं आणि टँकर हायवेला लागला.

हरणाबाईने दुसरी बादली शेंदली आणि हॉटेलापुढच्या लिंबाच्या बुडाशी ओतली. माती भराभर पाणी पीत गेली. एवढ्यात गॅरेजमधलं कुणीतरी हात धुवायला येताना तिला दिसलं. तिने बादली विसळली, त्याच्यासाठी आडाच्या काठावर पालथी घालून ठेवली, आणि हॉटेलात गिऱ्हाईक आलं होतं म्हणून चुलीकडे गेली.